जलद्वेषी पृष्ठक्षेत्रफळ व प्रथिन-संलग्नी बंधन

प्रथिनाच्या रेणूवरील एखाद्या खळग्यात दुसरा, बहुधा लहान, रेणू येऊन सहसंयुजी बंध न होताही तेथे टिकून राहतो, तेव्हा त्या दुसऱ्या रेणूस संलग्नी किंवा लिगँड म्हणतात. एंझाइम ज्यावर क्रिया करते तो पदार्थ, ग्राही प्रथिनावर बसणारे हॉर्मोन आणि बहुतेक औषधे ही संलग्नींची परिचित उदाहरणे होत. संलग्नी खळग्यात बसला की, त्याच्या व प्रथिनाच्या अशा दोहोंच्या पृष्ठभागांचा काही भाग पाण्यापासून झाकला जातो. या झाकल्या गेलेल्या पृष्ठभागापैकी जो भाग मुख्यत्वे कार्बन व हायड्रोजन यांनी बनलेला असून पाण्याशी हायड्रोजन बंध करू शकत नाही, त्याच्या आकारमानास जलद्वेषी पृष्ठक्षेत्रफळ म्हणतात. हे क्षेत्रफळ मोजून बंधन किती घट्ट असेल हे आधी सांगता येईल काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जीवरसायनशास्त्रात व औषधनिर्मितीत फार महत्त्वाचा ठरला; कारण औषध आपल्या प्रथिनाला जितके घट्ट धरते, तितकी त्याची मात्रा कमी लागते. क्षेत्रफळाचा हा मापदंड कसा तयार झाला, त्याच्यावर कोणते आक्षेप आले आणि तो कोठे अपुरा पडला, याचा वृत्तांत येथे दिला आहे.

मुळातील घटना नित्य अनुभवातील आहे. आमटीवर पसरलेले तेलाचे सुटे थेंब हळूहळू एकमेकांत मिसळतात व त्यांचा एकसंध तवंग बनतो. तसे झाल्याने तेलाचा पाण्याशी असलेला एकूण संपर्क घटतो. रेणूंच्या पातळीवर प्रथिनाचा तेलकट खळगा आणि त्यात शिरणारा तेलकट रेणू यांच्या बाबतीतही असेच घडते, अशी कल्पना आहे. बंधनाची घट्टता मुक्त ऊर्जेतील बदलाने मोजतात [⟶ ऊष्मागतिकी]. २५° से. तापमानास मुक्त ऊर्जेत दर ग्रॅमरेणूमागे सुमारे १,३६० कॅलरींची घट झाली की, बंधन दहा पटींनी घट्ट होते. पुढील विवेचनात हा आकडा ध्यानात ठेवणे सोयीचे होईल.

पूर्वपीठिका : या विषयाचा पहिला संख्यात्मक नियम प्रथिनांच्या अभ्यासातून आलेला नाही. ईझिडोर ट्राउबे या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८९१ मध्ये अल्कोहॉले, वसाम्ले इत्यादींच्या जलीय विद्रावांचा पृष्ठताण मोजला. एकाच श्रेणीतील संयुगांत कार्बन साखळीची लांबी एका मेथिलीन गटाने वाढविली की, पृष्ठताण तितकाच कमी करण्यास सुमारे एकतृतीयांश संहती पुरते, असे त्यांना आढळले. दर मेथिलीन गटामागे तीनपट हे प्रमाण पुढे वारंवार निरनिराळ्या प्रयोगांत भेटत गेले.

त्यानंतर दहा वर्षांच्या आतच हान्स होर्स्ट मायर यांनी मारबर्ग येथे (१८९९) आणि चार्ल्स अर्नेस्ट ओव्हर्टन यांनी झुरिक येथे (१९०१) स्वतंत्रपणे असे दाखविले की, भूल देणाऱ्या पदार्थांची तीव्रता ते ऑलिव्ह तेल व पाणी यांत कोणत्या प्रमाणात वाटले जातात त्याच्याशी जुळते. पाण्यापेक्षा तेलात जो अधिक विरघळतो तो पदार्थ अल्प संहतीतही बेडकाची पिल्ले निश्चल करतो. औषधाची क्रिया आणि त्याचा तेलकटपणा यांचा मेळ बसविणारा हा पहिला पद्धतशीर पुरावा होय. भुलीचे द्रव्य मज्जापेशींतील स्निग्ध पदार्थात विरघळते, असा अर्थ त्या काळी यावरून काढण्यात आला व तो ऐंशी वर्षे जवळजवळ निर्विवादपणे मानला गेला. त्याचे पुढे काय झाले ते खाली येईलच.

तेलाला पाण्याचा तिटकारा आहे ही समजूत शब्दामुळे रूढ झाली. वस्तुतः तेल व पाणी यांच्या रेणूंमध्ये आकर्षणच असते. जी. एस्. हार्टली यांनी साबणासारख्या पदार्थांवरील आपल्या १९३६ च्या ग्रंथात हे स्पष्ट केले. पाण्याच्या रेणूंचे परस्परांवरील आकर्षण इतके प्रबळ असते की, ते हायड्रोकार्बन साखळीला आपल्यातून बाहेर काढते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी जे. ए. व्ही. बटलर यांनी मापनांच्या आधारे दाखविले की, तेलकट पदार्थ पाण्यात विरघळताना अडचण उष्णतेची नसून एंट्रॉपीची, म्हणजे अव्यवस्थेच्या मापाची, असते. हेन्री फ्रँक व मार्जरी एव्हान्स यांनी १९४५ मध्ये याचे चित्रमय स्पष्टीकरण दिले. अध्रुवीय रेणूभोवती पाण्याचे रेणू हिमनगासारखी सुव्यवस्थित रचना धारण करतात आणि या वाढलेल्या शिस्तीमुळे एंट्रॉपी घटते, असे त्यांनी मांडले. हिमनगाची उपमा शब्दशः घेण्याजोगी नाही, हे पुढील अभ्यासांतून दिसून आले. परंतु उपमा मनात ठसणारी असल्याने पाठ्यपुस्तकांत ती दीर्घकाळ टिकून राहिली.

प्रथिनांकडे हा विचार वळण्यास वेळ लागला. लायनस पॉलिंग व अल्फ्रेड मर्स्की यांच्या १९३६ च्या निबंधापासून प्रथिनाची घडी हायड्रोजन बंधांनी टिकते असेच सर्वसाधारणपणे समजले जाई. अर्व्हिंग लँगम्यूर व जॉन डेस्मंड बर्नाल यांनी १९३८-३९ च्या सुमारास जलद्वेषी गटांचे पाण्यापासून दूर होणे हेच प्रथिनाच्या घडीमागील मुख्य कारण असावे, असा विचार मांडला. लँगम्यूर यांनी तो डॉरोथी रिंच यांच्या प्रथिनरचनेविषयीच्या सायक्लोल सिद्धांताच्या समर्थनार्थ पुढे केला होता. तो सिद्धांत चुकीचा ठरला आणि त्याच्याबरोबर हा योग्य विचारही वीस वर्षे अडगळीत पडला. विज्ञानाच्या इतिहासात अशी उदाहरणे दुर्मिळ नाहीत.

कौझमान यांचा निबंध व स्फटिकांचा पुरावा : प्रिन्स्टन विद्यापीठातील वॉल्टर कौझमान यांनी १९५९ मध्ये प्रथिनांच्या विकृतीकरणावर एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. पाण्यात हायड्रोजन बंध तुटला तर त्याची जागा पाण्याशी होणारा बंध घेतो, त्यामुळे त्यातून निव्वळ लाभ अल्प होतो. परंतु तेलकट गट पाण्यातून निघून प्रथिनाच्या अंतर्भागात गेला की, मुक्त ऊर्जेत भरीव घट होते, हा त्यांचा युक्तिवाद. ‘जलद्वेषी बंध’ ही संज्ञा त्यांच्याच लिखाणातून रूढ झाली. निबंध लिहिला गेला तेव्हा एकाही प्रथिनातील अणूंची मांडणी तपशिलाने ज्ञात नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातील अनुमानाचे धाडस कळून येते. लवकरच, १९६० मध्ये, जॉन केंड्रू यांच्या गटाने क्ष-किरणांच्या साहाय्याने मायोग्लोबिनाची रचना २ अँगस्ट्रॉमपर्यंतच्या बारकाव्याने उलगडली (१ अँगस्ट्रॉम म्हणजे सेंमी.चा दहा कोटीवा भाग). त्या रेणूच्या अंतर्भागात जवळजवळ सर्वत्र अध्रुवीय गट दाटीने बसलेले आढळले. कौझमान यांचे अनुमान असे प्रत्यक्ष दृष्टीस पडले [⟶ प्रथिने].

यानंतरचे काम हिशेबाचे होते. चार्ल्स टॅनफर्ड यांनी १९६२ मध्ये आणि नोझाकी यांच्यासमवेत १९७१ मध्ये ॲमिनो अम्लांची पाणी, एथेनॉल व डायऑक्झेन यांतील विद्राव्यता वापरून प्रत्येक बाजूच्या साखळीचा जलद्वेष कॅलरींमध्ये मांडला. हे आकडे गटागटांचे होते. गटाचा निम्माच भाग झाकला गेला तर काय, याचे उत्तर त्यांत नव्हते; आणि संलग्नी खळग्यात बसतो तेव्हा बहुतेक वेळा असेच अर्धवट झाकणे घडते.

पृष्ठक्षेत्रफळाचा मापदंड : ही उणीव येल विद्यापीठातील बी. ली व फ्रेडरिक रिचर्ड्‌स यांनी १९७१ मध्ये भरून काढली. त्यांची युक्ती साधी आहे. पाण्याचा रेणू म्हणजे १.४ अँगस्ट्रॉम त्रिज्येचा एक चेंडू समजावयाचा व तो प्रथिनाच्या अणूंवरून सर्वत्र घरंगळत न्यावयाचा. चेंडूचा मध्यबिंदू ज्या पृष्ठावरून फिरतो ते त्या रेणूचे ‘गम्य पृष्ठ’ होय. ज्या अरुंद फटींत चेंडू शिरत नाही, तो भाग झाकलेला समजतात. संगणकाने हे काम प्रत्येक अणूसाठी स्वतंत्रपणे करता येते. संलग्नी व प्रथिन सुटे असतानाची गम्य क्षेत्रफळे काढून त्यांच्या बेरजेतून दोहोंच्या संयुक्ताचे क्षेत्रफळ वजा केले की, बंधनाने झाकलेले क्षेत्रफळ हाती येते. कोणता अणू तेलकट व कोणता नाही हे ठाऊक असल्याने त्यातील जलद्वेषी वाटाही वेगळा काढता येतो.

क्षेत्रफळाचे कॅलरींत रूपांतर करणारा दर लगेच मिळाला. आर्. बी. हर्मन यांनी १९७२ मध्ये दाखविले की, हायड्रोकार्बनांची पाण्यातील विद्राव्यता त्यांना पाण्यात जी पोकळी लागते तिच्या पृष्ठफळाशी सरळ प्रमाणात बदलते. साखळी सरळ असो वा फांद्यांची, नियम तोच राहतो. रेनॉल्ड्‌स, गिल्बर्ट व टॅनफर्ड यांनी १९७४ मध्ये हा दर प्रत्येक चौ. अँगस्ट्रॉममागे २० ते २५ कॅलरी असा ठरविला. त्याच वर्षी सायरस चोथिया यांनी नोझाकी व टॅनफर्ड यांचे आकडे ली व रिचर्ड्‌स यांच्या क्षेत्रफळांसमोर मांडले आणि ॲमिनो अम्लांसाठीही जवळपास तेवढाच दर येतो असे दाखविले. सरळ साखळीतील एका मेथिलीन गटाचे गम्य क्षेत्रफळ सुमारे ३० चौ. अँगस्ट्रॉम असते. त्यास २५ ने गुणिले की ७५० कॅलरी होतात आणि यावरून घट्टतेत सुमारे साडेतीन पटींची वाढ निघते. ट्राउबे यांची जुनी तीनपट अशा प्रकारे क्षेत्रफळाच्या भाषेत पुन्हा अवतरली.

चोथिया व जे. जॅनिन यांनी १९७५ मध्ये इन्शुलीन, हीमोग्लोबिन व ट्रिप्सिन-रोधक संयुक्त या तीन उदाहरणांत दोन प्रथिने एकमेकांस चिकटताना झाकले जाणारे क्षेत्रफळ मोजले. चिकटून राहण्याची ऊर्जा प्रामुख्याने जलद्वेषातून येते व निवड मात्र आकाराच्या आणि हायड्रोजन बंधांच्या जुळणीतून होते, हा त्यांचा निष्कर्ष होता. ऊर्जा आणि निवड यांतील हा भेद संलग्नींच्या बाबतीतही तितकाच उपयुक्त आहे. पुढे औषधांच्या क्षेत्रात झालेल्या अनेक घोटाळ्यांच्या मुळाशी या भेदाचे विस्मरण होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आक्षेप : कॅलिफोर्निया विद्यापीठातील ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञ जोएल हिल्डेब्रँड यांनी १९६८ मध्ये ‘जलद्वेषी बंध’ या संज्ञेवरच हरकत घेतली. बंध म्हणावा असे येथे काहीच नाही आणि द्वेष तर मुळीच नाही. तेल पाण्यावर पसरते ते त्यांच्यातील आकर्षणामुळेच, असे त्यांनी बजावले. हाच मुद्दा त्यांनी १९७९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, पुन्हा मांडला. टॅनफर्ड यांनी त्याच वर्षी उत्तर देताना आकर्षण मान्य केले. पण पाण्याचे स्वतःशी असलेले आकर्षण त्याहून पुष्कळ अधिक असते आणि परिणाम त्या फरकातून उद्‌भवतो, असे दाखविले. वाद शब्दांचा वाटला तरी त्यातून ‘बंध’ हा शब्द मागे पडून ‘परिणाम’ हा शब्द रूढ झाला.

दुसरी अडचण आकड्यांची होती. तेल व पाणी यांच्या सपाट सीमेवरील पृष्ठताण सुमारे ५० डाइन प्रती सेंमी. असतो. त्याचे रूपांतर केल्यास चौ. अँगस्ट्रॉममागे सुमारे ७२ कॅलरी येतात. मग रेणूंच्या विद्राव्यतेवरून निघालेला दर त्याच्या एकतृतीयांश का? बॅरी होनिग व त्यांचे सहकारी यांनी १९९१ मध्ये दोन दुरुस्त्या सुचविल्या : विरघळणारा व विद्रावक यांच्या रेणूंच्या आकारमानांतील फरक हिशेबात घ्यावा आणि पृष्ठाची वक्रताही धरावी. पहिल्या दुरुस्तीनंतर हायड्रोकार्बनांचा दर ४७ कॅलरींपर्यंत गेला. सर्वांनी हा आकडा स्वीकारला नाही. तथापि एकच दर सर्वत्र लागू करणे धोक्याचे आहे, हे यावरून कळून आले. लम, चँडलर व वीक्स यांच्या १९९९ मधील सिद्धांताने कारणही दाखविले. सुमारे १० अँगस्ट्रॉमपेक्षा लहान तेलकट कणाभोवती पाणी आपले हायड्रोजन बंध न तोडता वाट काढते आणि तेव्हा खर्च आकारमानाच्या प्रमाणात पडतो. त्याहून मोठ्या पृष्ठापाशी बंध तुटतात आणि मगच खर्च क्षेत्रफळाच्या प्रमाणात जातो. औषधांचे बहुतेक रेणू व त्यांचे खळगे नेमके या सीमेच्या आसपासच्या आकाराचे असतात.

उष्णतेच्या मापनांतून मिळालेला पुरावा मात्र क्षेत्रफळाच्या बाजूचा होता. तेलकट पदार्थ पाण्यात विरघळला की विद्रावाची उष्णताधारकता अपेक्षेपेक्षा पुष्कळ वाढते, ही गोष्ट जॉन एड्‌सॉल यांनी १९३५ मध्येच नोंदविली होती. उलटपक्षी बंधनाने तेलकट पृष्ठ झाकले गेले की ती घटते. जूलियन स्टर्टेव्हंट यांनी १९७७ मध्ये प्रथिनांच्या अनेक विक्रियांत ही घट दाखवून दिली आणि थॉमस रेकॉर्ड यांच्या गटाने पुढे तिचा झाकलेल्या क्षेत्रफळाशी संख्यात्मक संबंध जोडला. या घटीमुळेच जलद्वेषी परिणाम तापमानानुसार रूप पालटतो. नेहमीच्या तापमानास त्याचा भार एंट्रॉपीवर असतो, तर तापमान वाढत गेले की तो उष्णतेवर जातो. रॉबर्ट बॉल्डविन यांनी १९८६ मध्ये काढलेल्या हिशेबाप्रमाणे ११०° से.च्या आसपास एंट्रॉपीचा वाटा शून्यावर येतो.

औषधशास्त्रातील उपयोग : क्षेत्रफळाची गणिते तयार होत असतानाच कॅलिफोर्नियातील पोमोना महाविद्यालयात कॉर्विन हान्श हे वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी येत होते. त्यांनी १९६२ मध्ये आणि नंतर क्योटोचे तोशिओ फुजिता यांच्यासमवेत १९६४ मध्ये रेणूतील प्रत्येक गटाचा तेलकटपणा ऑक्टेनॉल व पाणी यांतील वाटपावरून ठरविला आणि त्याचा जैव क्रियेशी समीकरणाने संबंध जोडला. ऑलिव्ह तेलाची जागा ऑक्टेनॉलाने घेतली. विचार मायर व ओव्हर्टन यांचाच होता. मात्र तेलकटपणा वाढविला की परिणामकारकता प्रथम वाढते व एका मर्यादेनंतर उतरते, हे हान्श यांनी आपल्या समीकरणातच समाविष्ट केले होते. अतितेलकट रेणू वाटेतील पेशीपटलांतच अडकून पडतो, असे त्याचे एक कारण त्यांनी दिले.

पुढे संगणक स्वस्त झाले व शेकडो प्रथिनांच्या रचना उपलब्ध झाल्या, तेव्हा क्षेत्रफळाचा नियम संगणकाच्या कार्यक्रमांत शिरला. जर्मनीत हान्स-योआखिम ब्योम यांनी १९९४ मध्ये रचना व घट्टता दोन्ही ज्ञात असलेली ४५ संयुक्ते घेऊन एक सोपे सूत्र बसविले. त्यात हायड्रोजन बंध, विद्युत् भारांचे आकर्षण, रेणूची लवचिकता यांबरोबर तेलकट संपर्काचे क्षेत्रफळ हे एक पद असून त्याचा दर चौ. अँगस्ट्रॉममागे सुमारे ४० कॅलरी येतो. येथे क्षेत्रफळ मोजण्याची रीत निराळी असल्याने चोथिया यांच्या आकड्याशी त्याची थेट तुलना करता येत नाही. अशा सूत्रांच्या आधारे एखादा नवा रेणू प्रयोगशाळेत तयार करण्यापूर्वीच त्याला गुण देण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली.

या यशाची किंमतही मोजावी लागली. घट्टता वाढविण्याचा सर्वांत सुलभ मार्ग म्हणजे रेणूला आणखी एक तेलकट गट जोडणे. हायड्रोजन बंधासाठी अंतर व कोन दोन्ही साधावे लागतात. तेलकट गट कसाही वळला तरी काही ना काही झाकतोच. परंतु असा रेणू पाण्यात विरघळेनासा होतो, यकृतातील एंझाइमांच्या तावडीत सहज सापडतो, रक्तातील अल्ब्युमिनाला चिकटतो आणि ज्या प्रथिनांशी त्याला कर्तव्य नाही त्यांच्याही तेलकट खळग्यांत शिरतो. शेवटची बाब सर्वांत घातक असते, कारण दुष्परिणाम तेथून येतात. क्रिस्टोफर लिपिन्स्की यांनी १९९७ मध्ये तोंडाने घ्यावयाच्या औषधांसाठी सुचविलेल्या मर्यादांत ऑक्टेनॉल-पाणी वाटपाचा लॉगरिथम ५ पेक्षा अधिक नसावा, ही एक अट आहे. पॉल लीसन व ब्रायन स्प्रिंगथॉर्प यांनी २००७ मध्ये घट्टतेच्या लॉगरिथमातून तेलकटपणाचा लॉगरिथम वजा करून उरेल तोच रेणूचा खरा गुण समजावा, असा आग्रह धरला.

एड्सच्या विषाणूतील प्रोटिएज या एंझाइमाचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. या एंझाइमाचा खळगा मुख्यतः तेलकट आहे. त्यासाठी १९९५ ते १९९७ या काळात आलेली सॅक्विनाव्हिर, इंडिनाव्हिर, नेल्फिनाव्हिर ही पहिली औषधे त्याला घट्ट धरीत. पण एर्नेस्टो फ्रायरे यांच्या गटाने केलेल्या ऊष्मामापनात असे दिसले की, २५° से. ला त्यांच्या बंधनात उष्णता बाहेर पडण्याऐवजी शोषली जाते. म्हणजे सारा भार जलद्वेषातून येणाऱ्या एंट्रॉपीवर होता. २००६ मध्ये मान्यता मिळालेल्या दारुनाव्हिराच्या बंधनात याउलट भरपूर उष्णता बाहेर पडते. एंझाइमाच्या मुख्य साखळीशी त्याचे हायड्रोजन बंध होतात आणि विषाणूचे उत्परिवर्तित प्रकारही त्यास सहजासहजी चुकवू शकत नाहीत. यावरून उष्णतेच्या बळावरचे बंधन नेहमीच श्रेष्ठ असते असा सरसकट नियम काढणे मात्र घाईचे होय.

खळग्यातील पाणी : क्षेत्रफळाच्या हिशेबात एक गृहीत दडलेले होते. संलग्नी पाण्यातून प्रथिनात जातो ते जणू पाण्यातून तेलात जातो, असे त्यात मानले होते. तेल द्रव आहे, त्याचे रेणू पाहुण्यासाठी जागा करून देतात. प्रथिनाचा खळगा आधीपासून तयार असतो व त्यात बहुधा पाणी असते. ते पाणी कसे आहे यावर पुष्कळ अवलंबून राहते. याची चाहूल जुन्या प्रयोगांतही लागलेली होती. कायमोट्रिप्सिन या पाचक एंझाइमावर घातलेल्या पदार्थांचा तेलकटपणा वाढवीत नेला असता त्यांचा लाभ ऑक्टेनॉलवरून केलेल्या अपेक्षेच्या सुमारे दुप्पट येतो. ऑक्टेनॉलात शिरताना पोकळी करण्याचा खर्च पडतो. एंझाइमात तो पडत नाही आणि शिवाय खळग्याचे तेलकट पृष्ठही त्याच वेळी झाकले जाते.

ब्रायन मॅथ्यूज यांच्या गटाने १९९२ मध्ये टी४ विषाणूच्या लायसोझाइमातील ल्यूसीन या ॲमिनो अम्लाच्या जागी लहान ॲलॅनीन घातले. त्यामुळे प्रथिनाच्या गाभ्यात एक रिकामी पोकळी तयार झाली आणि बेंझिनाचा रेणू तीत अचूक बसला. हायड्रोजन बंध एकही नाही, केवळ तेलकट संपर्क; तरीही बंधन मोजण्याइतके होते व बसलेल्या बेंझिनाने प्रथिनाला स्थैर्यही दिले.

लीड्‌स विद्यापीठातील स्टीव्ह होमन्स व त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये उंदराच्या मूत्रातील एका प्रथिनाचा अभ्यास केला. हे प्रथिन गंधद्रव्ये वाहून नेते व त्याचा खळगा अत्यंत तेलकट आहे. पाठ्यपुस्तकाप्रमाणे बंधन एंट्रॉपीच्या बळावर व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात ते उष्णतेच्या बळावर होते असे आढळले. खळगा इतका तेलकट की, त्यात पाणीच फारसे नव्हते. म्हणून संलग्नीच्या आगमनाने मुक्त व्हावयास पाणीही नव्हते. संलग्नीचा रेणू आला तेव्हा पूर्वी जवळजवळ रिकाम्या असलेल्या जागी अणूंना अणूंचे सान्निध्य लाभले आणि त्या आकर्षणातून उष्णता बाहेर पडली. हार्व्हर्ड येथील जॉर्ज व्हाइटसाइड्‌स यांच्या गटाने २०११ मध्ये कार्बोनिक ॲनहायड्रेज या एंझाइमावर संलग्नींच्या जोड्या तपासल्या. जोडीतील एका रेणूला बेंझिनाचे एक वलय अधिक होते. वलयामुळे बंधन घट्ट झाले, परंतु लाभ पुन्हा उष्णतेतून आला. हा लाभ पाण्याच्या जुन्या व नव्या मांडणीतील फरकाचा आहे, असे त्यांनी अनुमान काढले.

भुलीच्या द्रव्यांचा प्रश्नही याच दिशेने सुटत गेला. निकोलस फ्रँक्स व विल्यम लीब यांनी १९८४ मध्ये काजव्याचा प्रकाश निर्माण करणारे ल्युसिफेरेज हे प्रथिन घेतले. त्यात स्निग्ध पदार्थ मुळीच नसतानाही भुलीची द्रव्ये त्याला त्याच क्रमाने अवरुद्ध करतात, ज्या क्रमाने ती प्राण्यांना भूल देतात. मायर व ओव्हर्टन यांच्या तेलाचे काम प्रथिनातील तेलकट खळगाही करू शकतो, असा याचा अर्थ. तेलाला नसते अशी एक गोष्ट खळग्याला असते व ती म्हणजे मर्यादित आकार. अल्कोहॉलांची साखळी लांबवीत नेली की भुलीचा जोर एका लांबीनंतर वाढेनासा होतो, हे कोडे त्यांनी १९८५ मध्ये खळग्याच्या आकारावरूनच उलगडले. आयर्विन कुंट्‌झ व सहकारी यांच्या १९९९ च्या पाहणीतही अशीच मर्यादा दिसते. सर्वांत घट्ट बांधल्या जाणाऱ्या संलग्नींत हायड्रोजन वगळता दर अणूमागे सुमारे १,५०० कॅलरींपर्यंत लाभ होतो, परंतु अणूंची संख्या पंधराच्या पुढे गेली की एकूण लाभ फारसा वाढत नाही.

संगणकाच्या गणितातही खळग्यातील पाण्याला स्थान देण्याचे प्रयत्न झाले. कोलंबिया विद्यापीठातील ब्रूस बर्न व रिचर्ड फ्रीस्नर यांच्या गटाने २००७ मध्ये असे दाखविले की, खळग्याच्या भिंती दोन्ही बाजूंनी तेलकट असल्या तर आत कोंडलेले पाणी फार प्रतिकूल स्थितीत असते. स्ट्रेप्टॅव्हिडिनाच्या खळग्यात पाण्याच्या पाच रेणूंचे वलय त्यांना आढळले. बायोटीन हे जीवनसत्त्व हायड्रोजन वगळता अवघ्या १६ अणूंचे असूनही त्या प्रथिनाला असामान्य घट्टपणे धरते; या अवघडलेल्या पाण्याची तेथून सुटका होणे हे त्याचे एक कारण होय. अशा ठिकाणी तेवढेच क्षेत्रफळ झाकल्याने उघड्या पृष्ठावर झाकल्याच्या कितीतरी पट लाभ होतो.

औषधनिर्मितीतील अनुभवही याच्याशी जुळतो. येल विद्यापीठातील विल्यम जॉर्गन्सेन यांच्या गटाने २०१२ मध्ये संशोधन-साहित्यातून अशी २,००० हून अधिक उदाहरणे जमविली, ज्यांत रेणूतील एका हायड्रोजनाच्या जागी मेथिल गट घातला होता. क्षेत्रफळ जवळजवळ प्रत्येक वेळी वाढले होते; तरी परिणामकारकता वाढण्याची व घटण्याची शक्यता साधारण सारखीच निघाली. दहापट लाभ सुमारे ८ टक्के उदाहरणांत झाला आणि शंभरपट लाभ दर दोनशेंत एखाद्या ठिकाणी.

मारबर्ग येथे, मायर यांनी आपले प्रयोग केले त्याच विद्यापीठात, गेरहार्ड क्लेबे यांच्या गटाने २०१३ पासून थर्मोलायसिन या एंझाइमावर याचा सूक्ष्म मागोवा घेतला. संलग्नीच्या एका टोकाचा तेलकट गट क्रमाक्रमाने मोठा करीत प्रत्येक पायरीवर ऊष्मामापन व क्ष-किरण चित्रण अशा दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या. उष्णता व एंट्रॉपी यांचे वाटे सरळ पायऱ्यांनी न वाढता खालीवर होत गेले. चित्रांत त्याचे कारण दिसले. संलग्नी बसल्यानंतर त्याचे जे पृष्ठ बाहेर उघडे राहते, त्यावर पाण्याच्या रेणूंची साखळी पसरते. संलग्नीचा एखादा मेथिल गट ही साखळी तोडतो, तर पुढचा तिला पुन्हा जुळू देतो. खळग्याच्या आत झाकले गेलेले क्षेत्रफळ दोन्ही वेळा जवळपास तेवढेच होते.